फॉर्ममधला १७ नंबरचा रकाना: 'ट्रान्सपोर्ट मॅनेजरच्या पात्रता प्रमाणपत्राचा क्रमांक'. काय लिहू?

काटापावती

मंडळी, नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल माफ करा.

वडाळ्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात १३ वर्षं झाली. एलआर (मालासोबत जाणारी लॉरी रिसीट) लिहिण्यापासून सुरुवात केली, आज २२ गाड्या माझ्या अंगावर आहेत. ६ छोट्या, ११ दहाचाकी, ५ ट्रेलर. व्हिजिटिंग कार्डावर 'ट्रान्सपोर्ट मॅनेजर' छापलंय, पगाराच्या चिठ्ठीवर मात्र अजून 'सुपरवायझर'च आहे. शेठ म्हणतात, कार्ड दोनशे रुपयांत छापून मिळतं.

तळोज्याच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आहे. कंपनी मूळची युरोपातली. ड्रममधून सॉल्व्हंट जातं, गुजरातकडे. दरवर्षी ते एक लांबलचक फॉर्म भरून घेतात. पासिंग, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी, स्पीड गव्हर्नर, ड्रायव्हरच्या लायसनवरचा घातक मालाचा शेरा, हे सगळं मी झोपेतही भरीन. घोडं अडतं १७ नंबरला. 'ट्रान्सपोर्ट मॅनेजरचं नाव. पात्रता प्रमाणपत्राचा क्रमांक.' गेल्या वर्षी नाव लिहिलं, क्रमांक कोरा सोडला, कोणी विचारलं नाही. यंदा एक्सेल परत आली, कोऱ्या चौकोनाला लाल रंग लावून. २० तारखेपर्यंत भरून पोर्टलवर चढवायचंय.

त्यातच मेव्हण्याच्या ओळखीचा एक जण मागे लागलाय. 'इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट मॅनेजर सर्टिफिकेट', सहा आठवडे ऑनलाइन, परीक्षा घरबसल्या मोबाईलवर, फी ६८ हजार. वर म्हणतो, हेच सर्टिफिकेट युरोपातही चालतं, तिकडे माणसं कमी आहेत, जाल तर सोनं होईल.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळंच आहे. गेल्या गुरुवारी लोडिंगला मी स्वतः तळोज्याला होतो. ७२ ड्रम चढले, ताडपत्री बांधून झाली. सवयीने मोबाईलची बॅटरी लावून गाडीभोवती फिरलो. मागच्या जोडीत आतल्या टायरला चीर, बोट जाईल एवढी. आतली तार दिसत होती. स्टेपनी आधीच रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेली), तीही गुळगुळीत. मी म्हटलं गाडी जाणार नाही. शेठना फोन लावला. ते म्हणाले, "भिवंडीपर्यंत जाऊ दे, तिथे आपला टायरवाला आहे." ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी ताडपत्रीकडे बघितलं. गाडी शिळफाट्याने मुंब्रा बायपास चढली आणि रात्री पावणेबाराला भिवंडीत पोचली. टायरवाला दुकान बंद करून गेला होता. तशीच पुढे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी माल उतरल्याची पावती व्हॉट्सॲपवर आली.

काही झालं नाही. म्हणजे पुढच्या वेळी मला हाच दाखला मिळणार.

तर प्रश्न असे: आपल्याकडे या कामाला काही परीक्षा, पात्रता असते का? ते ६८ हजारांचं काय करू? आणि १७ नंबरला काय लिहू?

---

भिवंडी_गोडाऊन

एन.ए. लिहा आणि मोकळे व्हा. आमच्याकडे बारा वर्षं तेच चाललंय. पात्रता म्हणाल तर मी फास्टॅगच्या कस्टमर केअरला ४० मिनिटं होल्डवर थांबून पैसे परत मिळवलेत. चालत असेल तर तो तक्रार क्रमांक देतो.

६८ हजारांत दहाचाकीची मागची जोडी नवी येईल. शेठना सांगा.

---

डोंबिवली_ते_लेस्टर

काटापावती दादा, तो रकाना कुठून आला ते मी सांगतो. तेच प्रमाणपत्र माझ्या घरात लटकलंय. (बायकोने हॉलमधून काढून जिन्याखाली लावलंय, पण लटकलंय.)

मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सहा वर्षं काढून इकडे इंग्लंडला आलो. इथे साडेतीन टनांवरच्या गाडीतून भाड्याने दुसऱ्याचा माल न्यायचा तर ऑपरेटर लायसन लागतं. ते गाडीचं नसतं, धंद्याचं असतं. चार गोष्टी दाखवायच्या: खरंखुरं ऑफिस, चांगलं नाव, पैसा आणि कामाची जाण. पैशाचा हिशोब युरोपच्या नियमात असा की पहिल्या गाडीला ९,००० युरो आणि पुढच्या प्रत्येक गाडीला ५,०००, एवढी ताकद धंद्यात दिसली पाहिजे. आणि 'कामाची जाण' कागदावर दाखवून चालत नाही, त्यासाठी एक माणूस दाखवावा लागतो, परीक्षा पास झालेला. तो ट्रान्सपोर्ट मॅनेजर. त्याच्या सर्टिफिकेटला इथे सगळे सीपीसी म्हणतात. युरोपचा हा नियम २००९ चा, क्रमांक १०७१. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं तरी चौकट तीच राहिली. फक्त स्वतःचा माल नेणाऱ्याला वेगळं लायसन असतं, त्याला हा माणूस लागत नाही.

परीक्षेला आठ विषय. दिवाणी कायदा, व्यापारी कायदा, कामगार कायदा, कर, धंद्याचा हिशोब, परवाने, गाडीचं तांत्रिक, रस्ता सुरक्षा. दोन पेपर. मी पहिल्यांदा केस स्टडीत आपटलो. कारण सांगतो, हसू नका. एका ट्रिपचं वेळापत्रक करायचं होतं. इकडे साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. हे पाठ होतं. पण हात जुन्या सवयीचा! ड्रायव्हर जेवेल तेव्हा थांबेल, असं धरून मी सलग सहा तासांचा पट्टा आखला. जिथे तुमची-माझी गाडी सुरतेला पोचते तिथे माझा पेपर नापास झाला.

तुमच्या त्या मोबाईलवरच्या परीक्षेबद्दल. युरोपच्या नियमात लिहिलंय की परीक्षा जिथे तुम्ही राहता किंवा काम करता त्या देशात द्यायची, आणि मॅनेजर तिथलाच रहिवासी हवा. वडाळ्याला बसून मिळालेला कागद इथे कोणी हातात धरणार नाही. त्या गृहस्थाला एवढंच विचारा, 'कुठल्या देशाच्या कुठल्या सरकारी खात्याचा शिक्का यावर असतो?' बघा फोन उचलतो का पुन्हा.

आता टायर. या क्षणी माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एका ट्रकची किल्ली आहे. सकाळी ड्रायव्हरने गाडीभोवती फेरी मारली, फॉर्मवर खूण केली: मागे डावीकडे टायरला काप. मी किल्ली काढून घेतली. तो फॉर्म आता १५ महिने जपून ठेवायचा. मालक दहा वाजता आला, "कधीपर्यंत?" एवढंच विचारून गेला. आमचा मालक काही संत नाही, बिस्किटांचा पुडासुद्धा कुलपात ठेवतो. पण अशी गाडी बाहेर पडलेली सापडली तर ट्रॅफिक कमिशनर म्हणून जो अधिकारी असतो तो लायसनलाच हात घालतो. आणि माझ्यावर 'लायक नाही' असा ठपका आला तर जिन्याखालचा कागद रद्दीत. म्हणून मी नाही म्हटलं की त्यालाही परवडतं.

पळवाटा इथेही काढतातच. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात फार्मसिस्टचं सर्टिफिकेट भाड्याने लटकतं ना, तसं इथे मॅनेजर नाव भाड्याने देतात. म्हणून नियमात आकडाच घातला: बाहेरून काम बघणाऱ्याला जास्तीत जास्त चार धंदे आणि मिळून ५० गाड्या.

२०१५ च्या फेब्रुवारीत इथे बाथ गावात उतारावर एका टिपरचे ब्रेक गेले, चार जीव गेले, त्यात एक लहान मुलगी. खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला. तुरुंगात गेले ते मालक आणि मेकॅनिक. आमच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगितली होती.

---

तारीख_पे_तारीख

मी अपघात दाव्यांची वकिली करते. काटापावती, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. माल वाहतुकीच्या ऑफिसात मॅनेजर व्हायला आपल्या मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, कुठलीही परीक्षा नाही. पण 'माझ्याकडे पद नाही म्हणून जबाबदारी नाही' असं समजू नका. माझ्यासमोर रडत बसलेले सुपरवायझर मी पाहिलेत.

तुमचाच माल घ्या. घातक मालाचे केंद्रीय नियम बघा. नियम १३१ माल पाठवणाऱ्याची जबाबदारी सांगतो, १३२ ट्रान्सपोर्टरची किंवा गाडीमालकाची, १३३ ड्रायव्हरची. नियम ९ प्रमाणे त्या ड्रायव्हरने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. म्हणजे ड्रम वाहून नेणाऱ्याला पात्रता आहे. त्याला 'निघ' म्हणून सांगणाऱ्याला नाही. या साखळीत तुम्ही कुठेच नाही.

तुम्ही सापडता मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ मध्ये. कंपनीने गुन्हा केला तर कंपनीचा कारभार ज्याच्या हाती होता तोही दोषी धरला जातो. पुढच्या पोटकलमात तर संमतीने, संगनमताने किंवा हलगर्जीने झालं असेल तर कोणकोण, याची यादी आहे, आणि त्यात 'मॅनेजर' हा शब्द चक्क छापलेला आहे. 'कंपनी' म्हणजे भागीदारी पेढीसुद्धा, शेठच्या बोर्डावर प्रायव्हेट लिमिटेड नसलं तरी. तुमचं दोनशे रुपयांचं कार्ड तिथे उपयोगी पडेल, पण समोरच्या वकिलाला.

सुटका त्याच कलमात आहे: मला माहीत नव्हतं, किंवा मी होईल तेवढी सगळी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं. गुरुवारी तुम्ही फोन केलात. फोनवर काय बोललात हे कोर्टात कोण सांगणार? शेठ? टायरचा फोटो, गाडी नंबर, वेळ आणि 'ही गाडी सोडू नये' एवढं व्हॉट्सॲपवर लिहा. दोन निळ्या टिका आल्या की झोपायला जा. गाड्यांच्या रोजच्या तपासणीचं साधं दोनशे पानी रजिस्टर घाला, पानांना नंबर द्या, रोज ड्रायव्हरची सही घ्या. अपघात होतो तेव्हा विमा कंपनी बऱ्याचदा जखमीला पैसे देते आणि अटी मोडल्या म्हणून मालकाकडून वसूल करायला येते. शेठना नियम १३२ वाचून दाखवू नका, हे वसुलीचं सांगा. लवकर पोचतं.

---

कळंबोलीचा_काका

सगळ्यांचं वाचलं. माझ्या चार गाड्या आहेत, ३१ वर्षं धंद्यात. थोडं कडू लिहितो.

परीक्षा आली तर काय होईल? आठ दिवसांत आरटीओबाहेर टपरी लागेल, 'मॅनेजर पास करून मिळेल'. आपल्याकडे रजिस्ट्रेशन आधीच आहे की. २००७ चा कॅरिज बाय रोड कायदा, २०११ चे नियम. दुसऱ्याचा माल घेणाऱ्या कॉमन कॅरियरने नोंदणी करायची, १० वर्षांची असते. किती जणांनी केली ते ट्रक टर्मिनलला चहा पिताना विचारून बघा. त्याच कायदा-नियमांत आहे की माल बुडाला तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, गिऱ्हाईकाने जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर. ही एक ओळ एलआरच्या मागे छापलेली असते आणि ती वाचलेला गिऱ्हाईक मला अजून भेटायचाय.

टायर गुळगुळीत का राहतो? शेठ राक्षस आहे म्हणून नाही. २०१८ साली जुलैत सरकारने एक्सलचं वजन वाढवलं. दोन एक्सलची गाडी १६.२ टनांवरून १८.५ वर. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. महिन्याभरात गिऱ्हाईकांनी काय केलं? भाडं ट्रिपचं तेच ठेवलं, माल वाढवला. दोन टन फुकट. जादा भरली तर पकडल्यावर दंड २० हजार, वर टनामागे २ हजार, तो आमचा. गिऱ्हाईक काट्यावर उभासुद्धा नसतो.

ड्रायव्हरचे तास म्हणाल तर तेही कागदावर आहेत. १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. लेस्टरवाल्यांपेक्षा कडक! आता तो नव्या लेबर कोडमध्ये घातलाय. ८ तासांत गाडी तळोज्याहून निघून, मुंब्र्याला अडकून, घोडबंदरला रडून, कुठे पोचेल ते तुम्हीच सांगा. आणि कंपनी म्हणते उद्या सकाळी सातला गेटवर पाहिजे, नाहीतर डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापणार.

म्हणून माझं म्हणणं, पोरा, त्या युरोपवाल्यांना उलट विचार. त्यांच्या देशात याच कामाला ते असा मॅनेजर असलेल्या ट्रान्सपोर्टरला काय भाव देतात? रकान्यात नंबर पाहिजे असेल तर भाड्यातही तो नंबर दिसू दे.

---

डोंबिवली_ते_लेस्टर

काका, भाड्याचं पटलं. पण टपरी लागेल म्हणून परीक्षाच नको, हे नाही पटत. ड्रायव्हिंग लायसनलाही टपरी आहे, म्हणून लायसन बंद करायचं का?

---

कळंबोलीचा_काका

लेस्टरला जाऊन लोक वाद घालायला शिकतात की डोंबिवलीहूनच शिकून जातात?

---

एसटीवाला

शिकायचंच असेल तर पुण्याला भोसरीत सीआयआरटी ही रस्ता वाहतुकीचं शिकवणारी संस्था आहे, १९६७ पासून. एसटी महामंडळांचे अधिकारी तिथे ट्रेनिंगला जातात, मीही गेलो होतो. डिझेल, टायर, मेंटेनन्सचा हिशोब नीट शिकवला. तुमच्या फॉर्ममधला नंबर त्यातून मिळणार नाही, पण टायरच्या किलोमीटरची वही कशी ठेवायची ते कळेल. शेठला ती भाषा समजते.

---

काटापावती

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मधे दोन गाड्यांचं पासिंग होतं.

काय काय झालं ते सांगतो.

६८ हजारवाल्याला शिक्क्याचं विचारलं. आधी म्हणाला लंडन, मग म्हणाला दुबई, मग म्हणाला ४५ हजारांत करू. नंबर ब्लॉक केला. मेव्हणा रुसलाय.

वकील ताई म्हणाल्या तसं रजिस्टर घातलं. पहिले चार दिवस ड्रायव्हर हसत होते. पाचव्या दिवशी आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, स्वतःहून लिहिलं, 'हॅन्डब्रेक ओढतो पण धरत नाही'. विचारलं, कधीपासून? तर म्हणे गणपतीपासून. मग सांगितलं का नाही? "विचारलं कोणी?"

शेठकडे एक पत्र टाईप करून घेऊन गेलो. एकच वाक्य होतं: टायर, ब्रेक किंवा लाईट सदोष असल्यास गाडी थांबवण्याचा अधिकार ट्रान्सपोर्ट मॅनेजरला राहील. वसुलीची गोष्ट सांगितली, चष्मा काढून ऐकली. मग पेन घेऊन 'थांबवण्याचा अधिकार' खोडलं, वर 'तात्काळ कळवण्याची जबाबदारी' लिहिलं आणि सही केली. म्हणजे सही मिळाली, पण ज्यासाठी गेलो होतो ते गेलं. पत्र फाईलला लावलंय. खोडलेलं वाचता येतं.

कळंबोलीच्या काकांचा प्रश्न मी तळोज्याला ईमेलमध्ये जरा साखर लावून विचारला. उत्तर आलं, 'भाड्याचा विषय परचेस विभागाकडे आहे.'

आणि १७ नंबर. मी व्यवस्थित लिहिलं होतं, 'भारतीय कायद्यात असे प्रमाणपत्र नाही. १३ वर्षांचा अनुभव. दैनिक तपासणी रजिस्टर सोबत जोडले आहे.' १९ तारखेला रात्री पोर्टलवर चढवायला गेलो तर चौकोन अक्षरं घेईना. फक्त आकडे. सकाळी त्यांच्या व्हेंडर विभागातल्या मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "सर, काहीतरी टाका ना, शून्य टाका, पुढचं पान उघडेल."

शून्य टाकायला हात होईना. रजिस्टरचं मामांच्या हॅन्डब्रेकचं पान उघडं होतं. त्याचा नंबर टाकला, ४१. पुढचं पान उघडलं.

टायर सोमवारी बदलला.